सात नंबर

परळला तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे डाव्या हाताला
एक खोली आहे. तिचा एसी बंद पडला
तर मध्यरात्रीसुद्धा साहेबांच्या घरी फोन वाजतो.

तिथे मी मोजते,
सकाळी नऊला पाजलेलं औषध
कुठे कुठे जाऊन येतं ते.
सात नंबरची मादी, चारशे बारा ग्रॅम,
पाठीवर एकच काळा ठिपका.
खाली जाळी, जाळीखाली काचेचं नरसाळं,
नरसाळ्याखाली बर्फात उभी बाटली.
लेंड्या इकडे, लघवी तिकडे.

लघवी ताकासारखी गढूळ.
लाल लिटमस बुडवला की निळा होतो.
हे घासफूस खाणाऱ्याचं पाणी.

साहेबांनी फळ्यावर यकृत काढून दाखवलं होतं.
परकं काही आत आलं की यकृत त्याला मारत नाही,
साखरेचा एक तुकडा चिकटवतं,
पाण्यात विरघळेल इतकं सौम्य करतं
आणि मूत्रपिंडाच्या दाराशी नेऊन सोडतं.
मला आईचा हात आठवला,
उंबऱ्यावर, निघणाऱ्याच्या तळव्यावर
चमचाभर दहीसाखर.

पण सगळंच निघत नाही.
रात्री सात नंबर मान खाली वाकवते,
स्वतःचीच मऊ लेंडी जाळीवर पडायच्या आत उचलते
आणि शांतपणे चावते.
टाकलेलं पुन्हा आत. आलेखावर दोनच्या सुमाराला
एक बारीक उंचवटा.
नवीन आलेली ऋजुता म्हणाली, ईऽ.
मी काही बोलले नाही.
त्याच सुमाराला मी कॉटवर उठून बसलेली असते,
काय काय चघळत.

माझी लघवी गेले दोन महिने केशरी आहे.
मानेत गाठ आली, सुईने तपासली,
शिवडीहून गोळ्यांचं पाकीट आलं.
खोकला नाही, कुणाला लागायचं नाही,
डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं.
मग म्हणाल्या, पांढऱ्या ओढणीला डोळे पुसू नका,
डाग जात नाहीत.
ऑफिसात मी टायफॉइड सांगितलाय.
दुसऱ्या मजल्यावरच्या संडासात जाते,
पाणी दोनदा ओतते.

पूर्वी म्हणे संशयिताची थुंकी
यांच्याच मांडीत टोचत
आणि सहा आठवडे वाट बघत.
म्हणजे सातची कुणी खापरपणजी
माझ्यासारख्या कुणासाठी वाळत गेली असणार,
नावाऐवजी नंबर घेऊन.

बुधाजी पाष्टे पिंजरे धुतात,
लालबागहून कोथिंबिरीचे देठ आणतात, फुकट,
आणि आवळे, पदरच्या पैशाने.
'ह्यांच्या अंगात आंबट तयार होत नाय,' ते सांगतात,
'उंदराच्या होतं. ह्यांच्या नाय, आपल्या नाय.
वरून घालावं लागतं, नायतर हिरड्या सुजतात.'
ह्यांच्या आणि आपल्या,
एका दमात म्हणतात ते.

चोवीस तासांचा हिशेब:
दिलेल्यातलं एकसष्ट टक्के बाटलीत,
लेंड्यांत नऊ.
उरलेलं तीस कुठे?
चरबीत, केसांत, श्वासात, नरसाळ्याच्या काचेला,
साहेब म्हणतात, शुक्रवारी कळेल.
शुक्रवारी यकृत लागणार आहे.

आज गुरुवार.
पाष्ट्यांनी सातला देठांची जुडी दुप्पट घातली,
का ते दोघांनीही उच्चारलं नाही.
ती खात राहिली, कान हलवत,
जबड्याचा तो बारीक करकर आवाज.
मग त्यांनी खिशातून आवळा काढला,
सुरीने दोन फाका केल्या,
एक जाळीतून आत सरकवली,
दुसरी माझ्या रजिस्टरवर ठेवली.
माझ्या मानेकडे बघितलं नाही.
बादली उचलून आठ नंबरकडे गेले.

फाक ओली होती.
सातच्या ओळीत, तीसच्या आकड्यावर
शाई पसरली.
मी रकाना पुन्हा लिहिला नाही.
आवळा खाल्ला,
वर तांब्याभर पाणी प्याले.